हार्टेकांपची केळ आणि चित्रकाराचे श्रेय

उष्ण प्रदेशातील झाड थंड देशात जगवणे एक वेळ जमते, परंतु त्याला फळ धरायला लावणे हे निराळेच काम आहे, याचा प्रत्यय नेदरलँड्समधील हार्लेमजवळच्या हार्टेकांप या बागेत 1736 साली आला. धनाढ्य जॉर्ज क्लिफर्ड याच्या या बागेत कार्ल लिनीअस हा तरुण स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ काम करीत होता, आणि काचगृहातील, म्हणजे भट्टीच्या उबेवर राखलेल्या घरातील, केळीचा विचार त्याने तिच्या मायदेशातील ऋतूंवरून केला. ऊब तेथे होतीच. उणीव होती ती ऋतुचक्राची. म्हणून सकस मातीत लावलेली केळ त्याने काही आठवडे कोरडी ठेवली, मग पावसाळ्यासारखे भरपूर पाणी दिले, आणि केळ निसवली, म्हणजे तिचे केळफूल बाहेर पडले व पुढे घडही पिकला. त्याच वर्षी लिनीअसने 'म्यूसा क्लिफोर्टियाना' हे पुस्तक केवळ या एका झाडावर लिहिले.

तथापि घड दिल्यावर केळीचा खुंट मरतो, आणि मागे पुरावा उरतो तो चित्राचाच. जर्मन चित्रकार गेओर्ग डायनिसियस एहरेट याच सुमारास हार्टेकांपला आला. पुंकेसर, म्हणजे फुलातील पराग धारण करणारे नर अवयव, मोजून वनस्पतींचे 24 वर्ग पाडण्याची लिनीअसची पद्धत त्याने 24 आकृत्यांच्या एकाच तक्त्यात डोळ्यांपुढे उभी केली. या कामाचे मोल केळफूल सोलणाऱ्यास सहज पटेल. कोकणातील स्वयंपाकघरात प्रत्येक फुलातून न शिजणारा ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकतात. हा दांडा म्हणजे स्त्रीकेसराचा देठ, तर पापुद्रा म्हणजे इतरांपासून सुटी राहिलेली पाकळी. एवढ्याशा फुलातील ही रचना पानभर वर्णनानेही वाचकाच्या मनात नीट उभी राहत नाही, पण अवयव सुटे करून शेजारी शेजारी रेखाटले की ती एका दृष्टिक्षेपात कळते. असे रेखाटायचे तर चित्रकाराला आधी निरीक्षण करावे लागते, कोणता भाग कशाला जोडलेला आहे हे ठरवावे लागते. म्हणून चित्र ही शास्त्राची सजावट नव्हे, ते शास्त्रच आहे.

असे असूनही 1737 च्या आपल्या 'जेनेरा प्लांटारम' या ग्रंथात लिनीअसने तोच तक्ता एहरेटचे नाव न देता वापरला, आणि हा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण तो टाळणे शक्य होते. लिनीअसने ज्याचा आधार घेतला त्या, मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथात केळीची चित्रे आहेतच, शिवाय अॅमस्टरडॅमला 1678 साली छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात, माहिती पुरवणाऱ्या तीन कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत त्यांच्या नावांसह दिली आहे: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट.