पाठांतर आणि हातची विद्या

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. लहानशी खासगी शाळा असते. तेथील शिक्षक मुलांस पाढे व व्याकरण शिकवितो, आणि त्याबरोबरच मातीच्या आकृती करावयास लावितो, वाफे खणावयास लावितो, ओढ्याकांठीं नेऊन झाडांचीं पानें ओळखावयास लावितो. हें पाहून कित्येक आईबाप म्हणतात, "माती तर आमच्या बापजाद्यांनीं जन्मभर उपसली, त्यासाठीं फी भरून मूल शाळेंत कशाला धाडावें? त्याला पुस्तक शिकवा." उलटपक्षीं कांहीं शिकलेले लोक म्हणतात कीं, पाठांतर ही निव्वळ घोकंपट्टी होय, मुलानें आपल्या हातांनीं व डोळ्यांनीं शिकावें, हेंच खरें शिक्षण. ह्यांत योग्य तें कोणतें, ह्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण हा केवळ शिक्षणपद्धतीचा प्रश्न नसून न्यायाचाही आहे.

आईबापांच्या बोलण्यास कोणी हसूं नये. आमच्या देशांत विद्येची वांटणी फार प्राचीन काळीं झाली. कांहींच्या वांट्यास ग्रंथ आले, कांहींच्या वांट्यास नांगर, चामडें व झाडू. ज्याच्या हातीं ग्रंथ त्यानें हात मळवावयाचे नाहींत, व ज्याचे हात मळले त्यानें ग्रंथास शिवावयाचें नाहीं. ज्यांच्या पूर्वजांस अक्षराजवळ येऊं दिलें नाहीं, त्यांनीं अक्षरासाठीं हट्ट धरिला तर त्यांत गैर तें काय? गरिबाच्या मुलाला सुतारकी व विणकाम पुरे, असें मानणारे हितचिंतकही होऊन गेले. आम्हांस तें कधींही पटलें नाहीं. पुस्तकाच्या ऐवजीं हातचें काम दिलें, तर ती जुनीच वांटणी नव्या नांवानें चालू राहते.

परंतु दोन्ही एकाच मुलास दिलीं तर काय होतें, ह्याचें उदाहरण आमच्याच प्रांतांत आहे. पंडिता रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून त्यांस लोकांचा रोष सोसावा लागला व गंगामूळच्या रानांत जाऊन राहावें लागलें. रमाबाई लहान असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें व वर्षानुवर्षें फिरत राहिलें. त्या फिरतीवर आईनें मुलीस शिकविलें. ती विद्या जुन्या धर्तीची, मुखानें म्हणवून घेण्याची. तिच्या बळावर भागवतादि ग्रंथांतील हजारों श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले, व १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या.

अशी विदुषी १८८६ सालीं अमेरिकेस गेली. तेथें तिनें मन लावून काय शिकून घ्यावें? तर लहान मुलांच्या खेळांतून शिकविण्याची पद्धति! फ्रोबेल नांवाच्या जर्मन शिक्षकानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढिली होती, व पुढें तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असें नांव दिलें होतें. लोकरीचा चेंडू, लांकडी गोळा, ठोकळे, गाणीं व बागकाम हीं तिचीं साधनें. हजारों श्लोक पाठ असलेल्या पंडितेला तें हलकें वाटलें नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं तिनें मुंबईस शारदा सदन उघडिलें. तेव्हां मुली मोजक्याच होत्या. पहिल्या मुलींपैकीं एक गोदूबाई, म्हणजे पुढील आनंदीबाई कर्वे. नंतर केडगांवीं मुक्ति सदन उभें राहिलें व १८९७ च्या सुमारास तेथें दुष्काळांतून आणिलेल्या शेंकडों मुली आल्या. त्यांस वाचन-लेखन शिकविलें, आणि शेत, माग, शिवण व छापखानाही दाखविला.

ह्या छापखान्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेष वेधितों. खिळ्यावरचें अक्षर उलटें असतें. तें ओळखून, काना-मात्रा न चुकवितां, एकेक खिळा जुळवून ओळ बसवावी लागते. हें काम हाताचें कीं डोक्याचें, हें ज्यास सांगतां येईल त्यानें सांगावें. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि त्याचे खिळे मुक्तींतील स्त्रियांनीं जुळविले. संस्कृतांत पारंगत असूनही बाईंनीं भाषा मुद्दाम सोपी ठेविली, खेड्यांतील बायांस कळावी म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

पवित्र शास्त्रांतही हीच जोड दिसते. पौल गमलिएलाच्या चरणांशीं नियमशास्त्र शिकला, व करिंथांत तंबू शिवून पोट भरीत असे. प्रभु येशू नासरेथांत सुतार होता, आणि त्याच गांवच्या सभास्थानांत यशयाचा ग्रंथपट उलगडून वाचावयास उभा राहिला.

पाठांतराची थट्टा करणाऱ्यांनीं एखाद्या निरक्षर म्हातारीच्या खाटेजवळ घटकाभर बसावें. तिला तेविसावें स्तोत्र कोणत्याही पुस्तकांत पाहावें लागत नाहीं.

एकच शिक्षक असलेल्या शाळेंत हें सारें व्हावें कसें, असें आमचे उपदेशक बंधू विचारतील. वेळ थोडा असतो हें खरें. परंतु वाफ्यासाठीं वेगळा तास काढून चालत नाहीं. सकाळीं मुलानें जो वाफा दोरीनें मोजला, त्याचेंच क्षेत्रफळ दुपारीं पाटीवर काढावें. मेंढपाळाचें स्तोत्र पाठ करण्यापूर्वीं धनगराचा वाडा पाहून यावा. शाळेस भेट द्याल तेव्हां दोन गोष्टी अवश्य पाहा. शिक्षकाचें स्वतःचें मूल इतरांबरोबर त्या चिखलांत उभें राहतें काय? आणि मजुराच्या मुलाचें व्याकरण तो तितक्याच कसोशीनें तपासतो काय? ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर 'नाहीं' असें आलें, तर आईबापांनीं आपलें गाऱ्हाणें मंडळीच्या सभेंत निर्भयपणें मांडावें. आम्ही त्यांच्या बाजूस बसूं.