दान आणि सावड

श्रींच्या दर्शनास येणारे भाविक कार्यालयात देणगीची पावती घेताना पुष्कळदा विचारतात की, आमचे द्रव्य खऱ्या गरजूपर्यंत पोचते ना? प्रश्न योग्यच आहे आणि देवस्थानाने त्याचे उत्तर चोख हिशेबाने दिले पाहिजे. परंतु त्याच्या पाठीशी आणखी एक प्रश्न उभा असतो, तो सहसा कोणी विचारीत नाही. ज्याच्यापर्यंत ते द्रव्य पोचते, त्याचे त्या दानाने काय होते? त्याची भूक भागते हे खरे. पण देणाऱ्यासमोर तो ताठ मानेने उभा राहू शकतो काय?

श्रीमद्‍भगवद्‍गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य काळी, पात्र व्यक्तीस व परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले राजस. आणि घेणाऱ्याचा मान न राखता, अवज्ञेने दिलेले तामस. हे शेवटचे लक्षण आपण घाईने वाचून पुढे जातो. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली तर देणाऱ्याच्या मनात विनय आणि भयही असावे, असे सांगते. देणाऱ्याने भ्यावे कशास? आपल्या देण्याने समोरचा मनुष्य लहान तर होत नाही ना, याचेच ते भय असावे, असे मला वाटते.

आता आपल्या आंबेगाव तालुक्यातील एक रीत पाहावी. तालुक्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या उतारावर, महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. उतार फोडून, दगडांची ताल रचून, माती सपाट करून भाताचे खाचर तयार करणे हे एका कुटुंबाला पेलणारे काम नव्हे. म्हणून आज चार घरे एकाच्या शेतावर राबतात, पुढे तो त्यांच्या शेतांवर राबतो. यास ‘पडकई’ म्हणतात. इतरत्र शेतकामात सावड किंवा इर्जिक म्हणतात, त्याच जातीची ही रीत. येथे परतफेडीची अपेक्षा तर पुरेपूर आहे! मग गीतेच्या कसोटीने पडकई राजस ठरावी काय?

मला तसे वाटत नाही. गीतेची अट देणाऱ्याच्या लोभास लगाम घालण्यासाठी आहे. घेणाऱ्याचा देण्याचा अधिकार काढून घेण्यासाठी नव्हे. पडकईत कोणी दाता नाही, कोणी याचक नाही, म्हणून अवज्ञेला तेथे जागाच उरत नाही.

कुसुमताई कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने याच भागात काम करताना हे मर्म ओळखले. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, हुतात्मा बाबू गेनू सागर भरला आणि ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना धान्य वाटून संस्था मोकळी होऊ शकली असती. तिने दुसरा मार्ग धरला. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याचा आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क लोकांना मिळावा, यासाठी ती त्यांच्या बरोबर उभी राहिली. आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था स्थापन झाली, पडकईलाही शासकीय योजनेत स्थान मिळाले. (यंत्रे लावून केलेल्या सपाटीकरणावर पुढे आक्षेप घेतले गेले, हेही नमूद केले पाहिजे. अनुदान आले की हातांची सावड मागे पडण्याचा धोका असतोच.) ज्यांचे सर्व गेले होते, ते पुन्हा काही पिकवू लागले, विकू लागले, म्हणजेच कोणाला काही देऊ शकतील असे झाले.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक जीव गेले. त्यानंतर राज्यभरातून मदतीचा ओघ लागला. त्या मदतीचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत परतफेडीची भाषा करणे हे क्रौर्यच ठरते. मात्र ज्यांचे आप्त आणि घर एका सकाळी गेले, त्यांच्या मागे ‘मदत घेणारे’ ही ओळख वर्षानुवर्षे लागून राहावी काय? नव्या माळीणमध्ये २०१७ साली घरे मिळाली. घराबरोबर माणसाला शेजाऱ्याच्या उपयोगी पडण्याचे स्थानही परत मिळावे लागते, आणि ते बाहेरून बांधून देता येत नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानास आरंभ झाला. पुढे विनोबाजी दान म्हणजे संविभाग, म्हणजे सम्यक् वाटणी, हा आद्य शंकराचार्यांचा अर्थ आवर्जून सांगत. वाटणीत घेणारा उपकृत नसतो. तो हिस्सेदार असतो. देणगीदारांनी कोणत्याही स्थानिक संस्थेस साहाय्य करण्यापूर्वी हे एवढे पाहावे की, तेथे ज्यांना मदत होते त्यांना कामात व निर्णयात हिस्सा आहे की केवळ रांगेत जागा आहे.

यावर कोणी म्हणेल, जो अंथरुणास खिळला आहे, ज्याचे हात चालत नाहीत, तो कोणती सावड करणार? शंका रास्त आहे. अन्नदानाच्या पंगतीत आज वाढणारा उद्या पानावर बसतो, तेथे प्रश्न आपोआप मिटतो. परंतु हा वृद्ध पंगतीपर्यंत येऊ शकत नाही. त्याच्या घरी डबाच न्यावा लागतो. डबा नेणाऱ्याने तो उंबऱ्यावर ठेवून परतू नये. दोन घटका बसावे आणि पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावचा बाजार कसा भरत असे, ते त्या वृद्धाकडून ऐकून घ्यावे. ते सांगू शकणारे आता थोडेच उरले आहेत.