कळांची वेळ
शास्त्रपाठ: उत्पत्ति ३५:१६-१९, योहान १६:२१



बाळंतिणीच्या भेटीस गेलो म्हणजे आम्ही सहज विचारतो, "कळा आपोआप आल्या, की आणाव्या लागल्या?" आणाव्या लागल्या असे ऐकताच कोणी म्हणते, "देवाची वेळ येईपर्यंत थांबायचे होते." त्या मातेची मान खाली जाते. हे शब्द आमच्याही तोंडून गेले आहेत, हे आम्ही कबूल करतो.

दिवस उलटून जातात, रक्तदाब चढतो, पाणमोट फुटूनही कळा येत नाहीत. अशा वेळी थांबणे माता व बाळ दोघांनाही धोक्याचे होऊ शकते. म्हणून डॉक्टर सलाईनमधून ऑक्सिटोसिन देतात. हे द्रव्य देवाने मातेच्या शरीरातच ठेवले आहे. ते प्रयोगशाळेत प्रथम तयार करणाऱ्या व्हिन्सेंट दु विन्यो यांना १९५५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग त्या सलाईनला अविश्वास कसे म्हणावे?

माता सांगतात, या कळा लागोपाठ येतात, दम घ्यायला उसंत मिळत नाही. वर आमचा दोष कशाला?

राहेलीच्या कठीण प्रसूतीत सुईणीने तिला धीर दिला. प्रभूनेही प्रसूतीचे दुःख व नंतरचा आनंद सांगितला. कळा कशा सुरू झाल्या, हे विचारले नाही.

तेव्हा बाळंतिणीजवळ बसून प्रथम तिचे ऐकू या, मग तिच्यासाठी प्रार्थना करू या. देवाची वेळ डॉक्टरांच्या हातूनही येते. आमेन.