अतिभक्षण : पाप की व्याधी?



घरची माणसे निजल्यावर एखादा मनुष्य उठतो, टोपलीतील उरलेल्या भाकऱ्या, कालवण, मुलांसाठी ठेवलेला गूळ, जे हाती लागेल ते घाईघाईने खातो, आणि पोट दुखू लागले तरी त्यास थांबवत नाही. अशा मनुष्यास गाव हावरट म्हणतो. मंडळीतही त्याजवर खादाडपणाच्या पापाचा आरोप येतो, व प्रायश्चित्त म्हणून त्यास उपास सांगितला जातो. हा न्याय खरा आहे काय?

खादाडपणा हे पाप आहेच, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु खादाड मनुष्य चवीसाठी खातो, दुसऱ्याच्या वाट्याकडे पाहत नाही, आणि त्यात सुख मानतो. आम्ही ज्याविषयी लिहीत आहो, त्यास खाण्यात सुख नसते. तो भूक नसता खातो, लाजेने एकटाच खातो, आणि मागाहून त्यास स्वतःचीच किळस येते. अमेरिकेतील वैद्य अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले, व २०१३ साली तेथील मनोविकारवैद्यांच्या संस्थेने आपल्या रोगसूचीत त्यास स्वतंत्र व्याधी म्हणून स्थान दिले. असे न आवरणारे खाणे आठवड्यातून निदान एकदा, याप्रमाणे तीन महिने चालले, आणि त्यापासून मनास क्लेश होत असले, म्हणजे ती व्याधी समजावी. सणाच्या दिवशी चार घास अधिक जाणे ही व्याधी नव्हे. तसेच प्रत्येक स्थूल मनुष्यास ती असते असे नाही, आणि अंगाने बेताच्या माणसास ती नसेलच असेही नाही. ती स्त्रियांस होते, तशी पुरुषांसही होते.

"मनाचा निश्चय असेल तर हे सुटेल," असे कित्येक म्हणतात. त्यांनी पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांच्या देखरेखीखाली ३६ तरुणांनी स्वखुशीने उपासमार सोसली. सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला होता. युद्धात उपाशी पडलेल्यांस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे कळावे म्हणून त्यांनी आपली शरीरे देऊ केली. २४ आठवडे अपुऱ्या अन्नावर राहून त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पुढे अन्नाची मोकळीक मिळताच त्यांतील कित्येकांनी बेसुमार खाल्ले, तरी भूक शमत नाही असे ते सांगत. ह्या माणसांचा निश्चय दुबळा होता, असे कोण म्हणेल? शरीरास फार काळ उपाशी ठेविले, तर ते मनाची परवानगी विचारीत नाही.

अर्थात प्रत्येकाची व्याधी उपासातूनच उपजते असे नव्हे. कोणास ती प्रवृत्ती घराण्यातून येते. कोणाच्या बालपणी मारहाण, अनादर किंवा अंगलटीवरून टोमणे झालेले असतात. कोणाच्या उरी शोक असतो. अन्न घटकाभर ते दुःख बधिर करते. मग लाज येते, लाजेपोटी दुसऱ्या दिवशी उपास घडतो, आणि उपासातून पुन्हा तीच रात्र उगवते. म्हणून शिक्षा म्हणून सांगितलेला उपास हे औषध नसून रोगास घातलेले खतच होय.

मग त्या मनुष्यावर काहीच जबाबदारी नाही काय? आहे. परंतु ती "पुन्हा असे खाणार नाही" अशी शपथ वाहण्याची नव्हे. लपविलेले दुःख एका विश्वासू माणसास सांगणे, वेळच्या वेळी जेवणे, आणि उपचार घेणे, ही त्याची जबाबदारी. ह्या रोगावर जाणत्या मनोविकारवैद्याशी नियमाने बोलून केलेला उपचार गुणकारी ठरला आहे, व पुष्कळजण बरे होतात.

आमची जबाबदारीही लहान नाही. उपदेशक बंधूंनी अशा माणसास उपास सांगू नये, चारचौघांत त्याच्या देहाविषयी बोलू नये, आणि त्याने सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. त्यास आपल्या घरी जेवावयास बोलवावे, व पानात काय वाढले, किती उरले, हे मोजू नये. जो आजवर अंधारात एकटा जेवला, त्यास उजेडात चौघांबरोबर निर्धास्त जेवता यावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.