वृद्ध आईबापांची सेवा कोणी करावी?

गावोगावच्या मंडळ्यांत फिरत असता एक प्रश्न आम्हांस हल्ली वारंवार विचारण्यात येतो. उपासना आटोपून चार माणसे दूर गेली म्हणजे तो हळू आवाजात येतो : म्हाताऱ्या आईस वृद्धाश्रमात ठेवणे हे पाप आहे काय? विचारणारा बहुधा मुलगा असतो. सून तो क्वचितच विचारते, आणि जिच्याविषयी प्रश्न आहे ती म्हातारी तर कधीच विचारीत नाही. तिला कोणी विचारीतही नाही.

प्रथम परिस्थिती पाहू. शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील तरुण माणसे रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळ्या करितात, दौंडहून रोज आगगाडीने पुण्यास जातात, किंवा पुण्यातच बिऱ्हाड करितात. ज्या घरी पूर्वी दोन जावा, एक विधवा आत्या व चारसहा पोरे असत, तेथे दिवसभर म्हातारी एकटी असते. शिवाय म्हातारपणच लांबले आहे. 2011 च्या खानेसुमारीत साठ वर्षांवरील माणसे ह्या देशात दहा कोटींहून अधिक भरली. पूर्वी अर्धांगवायूचा झटका आला किंवा खुब्याचे हाड मोडले म्हणजे मनुष्य बहुधा थोड्या महिन्यांत जाई. आता औषधोपचाराने तो कित्येक वर्षे अंथरुणावर काढतो. स्मृतिभ्रंश झालेली आजी अंगाने धडधाकट असते, पण मध्यरात्री उठून माहेरी जावयास निघते. आमच्या वाडवडिलांनी आईबापांची सेवा केली हे खरे. पण इतकी लांब सेवा त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्यास आली.

म्हणून "आमच्यात आईबापांना घराबाहेर ठेवीत नाहीत" असे जे अभिमानाने म्हटले जाते, ते आम्ही जरा जपून ऐकतो. घरात ठेवणे निराळे व सेवा करणे निराळे. सेवा म्हणजे काय हे अंथरुणाशी बसल्यावाचून कळत नाही. ज्यास स्वतः कूस बदलता येत नाही त्यास दर दोन तासांनी वळवावे लागते, रात्रीसुद्धा. नाही तर माकडहाडाशी व टाचांशी दाबाखाली रक्त पोहोचत नाही, कातडी काळवंडते, आणि होणारी जखम हाडापर्यंत जाते. म्हातारपणी तहान मंदावते, म्हणून मागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पाजावे लागते. निजवून भरविले तर घास श्वासनलिकेत जाण्याचे भय. तेव्हा उठवून, टेकून बसवून भरवावे, आणि वाटीभर पेजेस अर्धा तास लागला तरी त्रासू नये. भिजलेले लुगडे तत्काळ बदलावे. हे सर्व करितो कोण? अब्रू मुलाची राहते, पण झोप सुनेची जाते. तिला कोणी सुटी देत नाही, आणि ती थकून एखादा शब्द बोलली तर तोच गावभर होतो. "देवास वाहिले" असे म्हणून आईबापांच्या पोषणातून सुटू पाहणाऱ्यांस प्रभूने दोष दिला, तो कुर्बानाचा प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. घराण्याच्या नावास वाहिलेली सेवा, जी दुसऱ्याच्याच हातांनी करविली जाते, ती त्याहून फार वेगळी आहे असे आम्हांस वाटत नाही.

परक्याच्या हातून सेवा होण्यात मुळात लाज नाही, ह्याचा दाखला जवळच आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्याकडे आले की दौंड तालुक्यातील केडगाव लागते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व विधवा ह्यांस तेथे आसरा मिळाला, व पुढे मुक्तिसदन उभे राहिले, हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्याच कार्यात अंध स्त्रियांची सोय होती, व वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते, ह्याची आठवण कमी जणांस असते. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. त्यांचे काम राहिले. ज्या विधवांस सख्ख्या माणसांनी ओझे मानले त्यांस तेथे परक्या बायांनी न्हाऊमाखू घातले. मग नाते कोणाशी जुळले म्हणावे? पुण्यातही डेव्हिड ससून ह्या यहुदी गृहस्थाच्या नावाचे अनाथ पंगू गृह एकोणिसाव्या शतकापासून आहे, व लोक त्यास आज 'निवारा' म्हणून ओळखतात.

तेव्हा मुलास आमचे उत्तर असे, की आईचे घर बदलणे हे स्वतः पाप नव्हे. तिला तेथे पोहोचवून पावती घेतल्याप्रमाणे मोकळे होणे हे पाप आहे, आणि ते पाप घराच्या पडवीतही करिता येते. मात्र घर बदलण्यापूर्वी तिची इच्छा विचारलीच पाहिजे. "औषधास नेतो" असे सांगून आश्रमाच्या दारी उतरविणे ही फसवणूक होय, मग आतली व्यवस्था कितीही उत्तम असो.

आता व्यवस्थेविषयी. यरुशलेमेतील मंडळीत कुरकुर उठली ती विधवांच्या रोजच्या वाढणीवरून. काहींची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी नुसता उपदेश करून वेळ निभावली नाही, सात माणसे नेमिली. आश्रमही दयेच्या भरवशावर चालत नाही. तो माणसांच्या संख्येवर चालतो. समजा, एका आश्रमात वीस जण असे आहेत की ज्यांस स्वतः हलता येत नाही, आणि रात्रीस दोन बाया आहेत. एकास वळविण्यास, पुसून कोरडे करण्यास दोघींचे हात व दहा मिनिटे लागतात. म्हणजे एक फेरी दोनशे मिनिटांची, सव्वातीन तासांहून अधिक. दोन तासांचा नियम भिंतीवर लिहिला तरी तो पाळला जाणे शक्यच नाही. सकाळी पाठीस जखम दिसली की बोलणी मात्र त्या दोघींस बसतात. अशा ठिकाणी आश्रम क्रौर्याने बिघडत नाही, सोयीने बिघडतो. पडू नये म्हणून आजोबांस खाटेस बांधतात, आणि न चालल्याने त्यांच्या पायांतले उरलेसुरले बळही जाते. सर्वांस पहाटे एकदमच स्नान. लुगडी एकत्र धुतली जातात, आणि आपले कोणते हे कोणास ठाऊक नसते. रात्रपाळीच्या बाईस पोटापुरते वेतन व शिक्षण द्यावयाचे नाही, आणि तिने लेकीसारखे वागावे अशी अपेक्षा धरावयाची, हा न्याय नव्हे.

सरकारचे काय? आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या पोषणाचा कायदा 2007 साली झाला. त्यान्वये असमर्थ आईबापांस उपविभागीय न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध अर्ज करिता येतो, आणि त्यांस टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे जणांचे गृह असावे असे म्हटले आहे. परंतु शब्दयोजना पाहता राज्याने ते 'काढावे' असे नसून राज्यास ते 'काढता येईल' असे आहे. मुलावर सक्ती व सरकारास मुभा, हे आम्हांस विषम वाटते. श्रावणबाळ योजनेचे वेतन 2023 पासून महिना 1500 रुपये झाले, म्हणजे दिवसास पन्नास. त्यात दूध व गोळ्या येतील. माणूस येत नाही.

जपानातही सासूसासऱ्यांची शुश्रूषा सुनेनेच करावी अशी रूढी होती. तेथे 2000 सालापासून चाळीस वर्षांवरील प्रत्येकाकडून विम्याचा हप्ता घेऊन वृद्धांची घरची व संस्थेतली शुश्रूषा चालवितात. आपणांकडे तसे होईल तेव्हा होवो. केरळ प्रांताचे उदाहरण जवळचे आहे. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावचीच माणसे आठवड्यातले थोडे तास देऊन अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागली, परिचारिकांची साथ मिळाली, आणि 2008 साली सरकारने ह्या कामाचे धोरण ठरविले.

एवढे आमच्या मंडळ्यांस न झेपण्यासारखे नाही. गावात अंथरुणावर किती जण आहेत हे पाळकास व वडील मंडळीस ठाऊक असते. मंडळीबाहेरच्यांचीही नावे त्यांत घ्यावीत. आठवड्यातून एक दुपार कोणी जाऊन बसले तर सुनेस बाजार करिता येईल, किंवा नुसते निजता येईल. आश्रमातही नाताळच्या दिवशी फराळ व गाणी घेऊन सर्वच जातात. आषाढातल्या मंगळवारी कोण जाणार ते आधी ठरवून ठेवावे. जाणाऱ्याने पाण्याचा तांब्या हाताशी आहे काय हे पाहावे, परवानगी घेऊन पांघरूण सारून टाचा पाहाव्यात, आणि निघताना व्यवस्थापकांस रात्री किती बाया असतात ते विचारावे.