झाशीत काय काम?

शरदात घर सोडायचं ही आपली जुनी सवय. नुसतं हिंडायला सोडायचं, ही बरीच अलीकडची. पावसाळा सरला, नद्यांना उतार आला, घोड्यांना चारा मिळू लागला की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठी फौजा मुलूखगिरीला निघत. छत्रसालानं बाजीरावाला दिलेल्या मुलखामुळं मराठ्यांचा बुंदेलखंडात जम बसला आणि १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला. ओर्छ्याच्या वीरसिंह देवानं १६१३ मध्ये बांधलेला किल्ला त्यानं वाढवला, पायथ्याशी वस्ती वाढवली. नाशिककरांना हा माणूस गोदाकाठच्या देवळामुळं आणि तिथल्या घंटेमुळं ठाऊक आहे. ‘सुभेदार, आज नुसतंच गाव बघायला जाऊ या,’ असं त्याला कुणी म्हटलं असतं, तर तो बुचकळ्यात पडला असता. सुभेदार गावातून जायचा तो पाहणीला.

पुढं जवळजवळ शतकानं, १८३५ च्या डिसेंबरात, स्लीमन झाशीत उतरला. ठगांचा बंदोबस्त करणारा हाच तो साहेब. तब्येतीसाठी रजा घेऊन तो नर्मदाकाठाहून हिमालयाकडं निघाला होता आणि १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनाच्या नावातच त्यानं भटकंती आणली. पण झाशीचे रामचंद्रराव काही महिन्यांपूर्वीच वारलेले, गादीचा वाद पेटलेला. रजेवरच्या साहेबाकडं दरबारी मंडळी येऊन गाऱ्हाणी मांडू लागली आणि भटकंतीची कचेरी झाली. रिकामपण मिळालं तरी ते वापरता यावं लागतं, आणि हुद्दा असलेल्या माणसाला ते सहसा साधत नाही.

साधलं ते एका कर्जबाजारी भिक्षुकाला.

पेणजवळच्या वरसई गावचा विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांबरोबर घराबाहेर पडला, तो दक्षिणेसाठी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. वाटेत बंड उसळलं, यज्ञ राहिला बाजूला आणि ही काका-पुतण्याची जोडी भटकत भटकत झाशीत येऊन अडकली. १८५८ च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजचा वेढा पडला तेव्हा दोघं आतच होते. या सगळ्याची हकीकत त्यानं पुढं पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, लिहून काढली. वैद्यांनी १९०७ मध्ये ती ‘माझा प्रवास’ म्हणून छापली. दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता १९६६ मध्ये बाहेर आणली.

पुस्तकाची कीर्ती आहे ती राणी लक्ष्मीबाईमुळं आणि लढाईमुळं. पण नीट वाचलं तर लक्षात राहते ती गोडसे भटजींची नजर. महालक्ष्मीच्या दर्शनाला निघालेली राणी कधी पालखीतून, कधी घोड्यावरून जाते. तिची दिनचर्या, पोशाख, सरकारवाड्यातलं पुस्तकालय, तिचे दिवंगत पती गंगाधरराव यांच्या नाटकवेडाच्या ऐकीव गोष्टी, सगळं तो टिपत जातो. यातल्या कशाचाही दक्षिणेशी संबंध नाही. शहर पडल्यावरची लूटसुद्धा तो क्रमवार सांगतो: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडेलत्ते. हिंडण्याचा हेतू मनात नसताना एका मराठी माणसानं परमुलखातलं एक शहर इतकं बारकाईनं पाहिलं, आणि तेही जिवावर बेतलेलं असताना.

जवळपास त्याच काळात, १८६३ मध्ये, पॅरिसमध्ये कवी बोदलेअरचा गर्दीत रमणाऱ्या रिकामटेकड्या रसिकावरचा निबंध छापून आला. शहरात हेतूशिवाय हिंडणं ही कला आहे, हा विचार जगाला तिथून मिळाला असं मानतात. बोदलेअरचा रसिक मात्र एकटा असतो. आपल्याकडं एकट्यानं हिंडणारा माणूस एक तर बैरागी किंवा संशयित. काका बरोबर असला की भटकण्याला घरंदाजपणा येतो, आणि दिसलेलं तिथल्या तिथं बोलूनही दाखवता येतं.

पुढं झाशी पाहण्यापेक्षा स्मरण्याची गोष्ट झाली. रेल्वे आली, पारसनिसांनी १८९४ मध्ये राणीचं चरित्र लिहिलं, आणि मराठी घरांतून झाशीला जाणं हे देशभक्तीचं तीर्थाटन ठरलं. तीर्थाला गेलेला माणूस मूर्तीपुढं हात जोडतो; गल्ल्या कशाला बघेल? अपवाद १९५४ चा. कलकत्त्याहून महाश्वेता देवी वही घेऊन झाशी-ग्वाल्हेरकडं आल्या आणि लोकांच्या तोंडची गाणी, गोष्टी गोळा करत फिरल्या. १९५६ मध्ये आलेलं ‘झाँसीर रानी’ हे त्यांचं पहिलं पुस्तक. त्याही आल्या होत्या कामालाच.

आज ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ असं नाव मिळालेल्या स्टेशनवर ऑक्टोबरात उतरणारे दोन मित्र मात्र खरोखरच बिनकामाचे असतात. दिवाळीच्या सुट्टीआधीची रजा, पाठीला सॅक. गंमत अशी, की नुसतं बघायलाच आलेल्यांच्या हातात यादी असते. किल्ला झाला, कडक बिजली तोफ झाली, राणीनं पाठीशी मुलाला बांधून घोड्यासह उडी घेतली म्हणतात ती जागा झाली. तिथं कठड्यावरून खाली डोकावताना एक जण म्हणतो, “अरे, इथून घोडा वाचेल का?” राणी भांडेर दरवाजातून बाहेर पडली असं अनेक अभ्यासक मानतात, हे दुसऱ्यानं वाचलेलं असतं. दोघांची जुंपते आणि यादी तासभर मागं पडते. दिवस खरा सुरू होतो तो इथं.

मग बाजारातून वाट काढत राणीमहाल. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणी किल्ला सोडून इथं राहिली. आत चौक आहे आणि ओवऱ्यांत नवव्या ते बाराव्या शतकातली दगडी शिल्पं ओळीनं मांडली आहेत: कुणाला हात नाही, कुणाला नाक. वरच्या दालनात भिंती-छतांवर फुलं आणि पक्षी रंगवलेले. रंग जागोजाग उडाला आहे, पण रंगाऱ्याचा हात कुठं सैल पडला आणि कुठं रेंगाळला, हे कळण्याइतका शिल्लक आहे. घाईत आलेला माणूस वर मान करतच नाही.

दुपारी ऊन चावतं. बुंदेलखंडी दगड ऑक्टोबरातही तापतो. संध्याकाळी जुन्या वस्तीत, जिथं रीत टिकली आहे तिथं, पोरं टेसू घेऊन दारोदार फिरतात. तीन काड्यांच्या तिकाटण्यावर उभा केलेला बाहुला, मध्ये पणती. मुलींच्या हाती झिंझिया: भोकं पाडलेलं मडकं, आत दिवा. शरद पौर्णिमेला या दोघांचं लग्न लागतं, म्हणजे आपल्याकडं कोजागरीचं दूध आटत असतं त्याच रात्री. भोंडला, हादगा, भुलाबाई माहीत असलेल्या मराठी माणसाला हे अनोळखी वाटू नये. आश्विनात पोरींनी गाणी म्हणत खिरापत किंवा पैसे उकळायचे, हा शिरस्ता नर्मदेच्या दोन्ही बाजूंना आहे. राणीच्या सासरच्या, नेवाळकरांच्या झाशीत मराठी आणि बुंदेली पोरी एकाच गल्लीत आपापली गाणी म्हणत असतील का, यावर दोघं मित्र वाद घालतात. एक जण लगेच फोन काढून शोधू लागतो, दुसरा तो फोन खिशात ठेवायला लावतो.

यादीत अजून गणेश मंदिर उरलेलं असतं, जिथं १८४२ मध्ये मनूचं, म्हणजे पुढच्या राणीचं, गंगाधररावांशी लग्न लागलं असं सांगतात. लक्ष्मीतालाजवळची गंगाधररावांची छत्री उरलेली असते. ओर्छा तर उरलेलंच असतं. ते अठराएक किलोमीटरवर आहे, आणि टॅक्सीवाल्याचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले आहेत.