पाव्हणं, कुठलं गाव?

आपल्या भागात अनोळखी माणूस चहाच्या गाड्यावर शेजारी येऊन बसला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय पाव्हणं, कुठलं गाव?" तो माणूस कोणाचाही पाहुणा नसतो. कदाचित तो फक्त पुढच्या गाडीची वाट पाहत असतो. तरीही त्याला 'पाव्हणं' म्हटल्याचे कोणालाच नवल वाटत नाही. आपल्याकडे पाहुणा म्हणजे नुसता घरी आलेला माणूस नव्हे. पाहुणा म्हणजे सोयरा, लग्नसंबंधाने जोडला गेलेला. म्हणजे एका शब्दात आपण परक्याला सोयरा करून टाकतो आणि त्याच दमात त्याचे गाव विचारतो. गावानंतर आडनाव विचारतो. आडनावानंतरचा प्रश्न बहुधा कोणी तोंडाने विचारत नाही, पण त्याचे उत्तर तेवढ्यात मिळालेले असते.

दार उघडायचे आणि उघडतानाच बाहेर कोण आहे ते पाहून घ्यायचे, ही माणसाची फार जुनी सवय आहे. अशा सवयींचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला मानवशास्त्र म्हणतात. माणूस काय खातो, कोणाबरोबर खातो, कोणाशी लग्न करतो, मामाला काय म्हणतो, मेलेल्याला कसा निरोप देतो, या सगळ्याची ते दखल घेते. या शास्त्राकडून आपण कोणी काही शिकावे का, हा प्रश्न या रविवारी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की या शास्त्राचा सगळाच इतिहास अभिमानाचा नाही. राज्यकर्त्यांनी प्रजेला मोजण्यासाठी त्याचा पुष्कळ वापर केला. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून भारतातील जातींची उच्चनीचता लावण्याचा खटाटोप केला होता. युरोपातही तेच चालले होते. माणसाच्या कवटीत त्याची लायकी लिहिलेली असते, असे मोठमोठे प्राध्यापक गंभीरपणे सांगत होते.

अशा एका प्राध्यापकाकडे, बर्लिनमध्ये, 1920 च्या दशकाच्या अखेरीस एक मराठी स्त्री शिकायला गेली. तिचे नाव इरावती कर्वे. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे मानववंशावरील एका नामांकित संस्थेचे प्रमुख होते आणि त्यांच्या विचारांचा पुढे नाझींना फार उपयोग झाला. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण इतरांहून वेगळी असते व त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, या कल्पनेच्या तपासाचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. वंशाचा आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा असा काही संबंध त्यांना आढळला नाही. मार्गदर्शकाला काय हवे आहे हे ठाऊक असताना त्यांनी जे आढळले तेच प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, एकट्या विद्यार्थिनीने हे करणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पुढे 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि 1970 साली त्यांचे निधन झाले. मधल्या तीस वर्षांत त्या महाराष्ट्रभर आणि देशभर हिंडल्या. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या माणसांची पाहणीही त्यांनी केली. 1953 साली त्यांचा भारतातील आप्तसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी एक गोष्ट फार सुंदर रीतीने उलगडली आहे. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी देतात. नात्यातले लग्न तिथे पापच वाटते. दक्षिणेत मुलगी शक्यतो नात्यातच फिरते, मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी. आणि आपण मराठी माणसे मधल्या उंबरठ्यावर उभी आहोत. आपल्याकडे पुष्कळ समाजांत मामाची मुलगी चालते, एवढेच नव्हे तर हक्काची समजली जाते. आत्याची मुलगी मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही.

याचा पुरावा कुठे शोधायचा? आपल्याच जिभेवर. कोल्हापूरच्या खेड्यांत नवी सून सासूला 'आत्या' म्हणते. जावई सासऱ्याला 'मामा' म्हणतो. ज्या घरांत नात्यात लग्न होऊन कित्येक पिढ्या लोटल्या, त्या घरांतही हेच शब्द चालतात. रीत गेली, शब्द राहिला. सीमेपलीकडच्या कानडी मुलखात तर मामा-भाचीचे लग्नही पुष्कळ समाजांत होत आले आहे. ते ऐकून उत्तर भारतातला माणूस कानांवर हात ठेवील.

आता यातले नैसर्गिक कोणते आणि अनैसर्गिक कोणते? ज्याला त्याला आपलेच नैसर्गिक वाटते. आपल्या ख्रिस्तसभेचा नियमही एका जागी उभा राहिलेला नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेपर्यंत सातव्या पायरीपर्यंतच्या नात्यात विवाह निषिद्ध होता. परिषदेने ती मर्यादा चौथ्या पायरीवर आणली. 1983 च्या धर्मसंहितेत ती साधारणपणे सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंत येऊन थांबली आहे, आणि भावंडांच्या बाबतीत योग्य कारण असल्यास बिशपांकडून सूटही मिळू शकते. नात्याची रेघ हवीच. ती नेमकी कुठे ओढायची, हे मात्र माणसांनी वेळोवेळी ठरवले आहे.

इथपर्यंत कोणाला अडचण वाटणार नाही. अडचण पुढे आहे. इरावतीबाईंचे म्हणणे असे की जात म्हणजे विस्तारलेले नातेगोते. ज्या वर्तुळात प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा सोयरा आहे, किंवा उद्या होऊ शकतो, ते वर्तुळ म्हणजे जात. एकच धंदा करणारे, एकच नाव लावणारे सगळे एका जातीचे असतात हेही त्यांना मान्य नव्हते. महाराष्ट्रातले निरनिराळे कुंभार समाज त्यांनी तपासले. चाक तेच, मडके तेच, पण सोयरिकी एकमेकांत नाहीत. मग ते एका मुळाचे कसे म्हणायचे?

हे म्हणणे सगळ्याच अभ्यासकांनी स्वीकारलेले नाही. जातीत सत्ता आणि जमीन यांचा जो भाग आहे तो नुसत्या नातेसंबंधातून उलगडत नाही, हा आक्षेप आम्हालाही बरोबर वाटतो. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले त्याला 'विस्तारलेले नातेगोते' हे उत्तर अपुरेच वाटणार. तरी एक गोष्ट या विचाराने स्वच्छ दिसते. जात एवढी चिवट का? कारण ती द्वेषाच्या भाषेत बोलतच नाही, मायेच्या भाषेत बोलते. "आपल्यातलीच मुलगी बघा," असे म्हणणाऱ्या आजीच्या मनात कोणाविषयी वाईट नसते. सुनेला आपले जेवण जमेल, आपले सणवार कळतील, म्हातारपणी ती आपल्याला सांभाळून घेईल, एवढीच तिची आशा असते. आणि अशा हजार आज्यांच्या हजार साध्या आशांमधून एक भिंत उभी राहते, जिच्यापलीकडच्या माणसाला ती भिंतच दिसते, माया दिसत नाही.

मग एखाद्या गोष्टीचे कारण कळले म्हणजे ती योग्य ठरली का? आमच्या मते खरा नैतिक प्रश्न हा आहे. मानवशास्त्र कोणत्याही समाजाच्या रीतीला हसू नये असे शिकवते, आणि ते चांगलेच आहे. पण त्याचाच आधार घेऊन कोणी म्हणेल, "ही आमची संस्कृती, तिला नावे ठेवू नका." इथे इरावतीबाईंचाच एक लेख आठवतो. 'परिपूर्ती' या त्यांच्या पुस्तकातील 'वाटचाल' हा तो लेख. त्या पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालल्या. वाट एक, अभंग एक, देव एक. पण जेवणाची वेळ झाली की ब्राह्मण एकीकडे आणि मराठे एकीकडे. त्यांना हे लागले. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या, अधिक जवळच्या झाल्या. शास्त्रज्ञ म्हणून वहीत टिपण करून पुढे जाता आले असते. त्यांनी टिपणही केले आणि ताटही बदलले.

वाचकांना या ठिकाणी अंत्युखियाची आठवण होईल. तिथे पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असे, पण यरुशलेमेहून काही मंडळी आली तसा तो मागे सरू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर विचारले, हे त्याने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. प्रश्न देवाविषयीचा होता आणि तो उभा राहिला जेवणाच्या ताटावर.

आपल्या कोल्हापूरला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. रोटी आणि बेटी, या दोन जागी कुलूप आहे हे शाहू महाराजांना कोणत्याही ग्रंथाशिवाय कळले होते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः चहा पीत, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. 1918-19 च्या सुमारास त्यांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. चहाची गोष्ट सगळे सांगतात. कायद्याची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि ते आम्हाला सूचक वाटते.

उचगावच्या अगदी शेजारी, वळिवडे येथे, 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियाने सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे इथपर्यंत आली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, दुकाने होती, चर्च होते. ती बव्हंशी आपल्याच धर्माची, कॅथलिक. भाषा, रंग, अन्न सगळे निराळे. पुढे ती मुले जगभर पांगली, तरी म्हातारपणी कोल्हापूरचे नाव काढत राहिली. काही जण परत येऊन ती जागा पाहून गेले. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पाच वर्षांत लग्ने मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. ज्या मुली इथे राहिल्या त्या पक्क्या कोल्हापूरकर झाल्या, मराठी बोलू लागल्या, इथल्याच घरच्या सुना म्हणून जगल्या. वंश, रक्त, कवटी यांतले काहीही आड आले नाही.

पोलिश लोक गेले आणि त्या जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली. तेच आजचे गांधीनगर. हातात काही नसताना त्यांनी कापडाची एवढी मोठी बाजारपेठ उभी केली, ती कशाच्या बळावर? इथेही नातेसंबंधच कामाला आले असणार. नव्या मुलखात आलेल्या माणसाला उधारी देतो तो बहुधा नात्यातलाच. सोयरिकीचे वर्तुळ संकटात माणसाला जगवते, हे मान्य केलेच पाहिजे. तेव्हा नातीगोती मोडून टाका असे कोणी म्हणू लागला तर आम्ही त्याच्या बाजूचे नाही. पण गंमत पाहा. पंचक्रोशीतली किती तरी घरे लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. नवरीचा शालू त्यांच्याकडून येतो. नवरी किंवा नवरा त्यांच्याकडून येण्याचा विचार पाऊणशे वर्षांत किती घरांच्या मनात आला असेल? त्यांच्याही मनात किती आला असेल?

आपल्या स्वतःच्या बाकांकडेही पाहू. कोणाचे आजोबा इथल्याच खेड्यातले, कोणी गोव्याकडचे, कोणी कर्नाटकातून किंवा केरळातून नोकरीनिमित्त आलेले. ख्रिस्तप्रसाद घ्यायची रांग एकच असते. तिथे कोण कोणाच्या मागे उभे आहे हे कोणी पाहत नाही. मिस्सा संपल्यावर अंगणात जे घोळके होतात ते मात्र बहुधा ठरलेले असतात, आणि तिथे निदान भाषेचे कारण सांगता येते. पण घरी स्थळ आले की "मूळचे कोण?" हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो, तेव्हा कोणते कारण सांगायचे? तीन-चार पिढ्यांपूर्वीचा बाप्तिस्मा झालेल्या घरातही तो विचारला जातो. हे ऐकलेले नाही असे म्हणणारा आपल्या धर्मग्रामात सापडणे कठीण.

विवाहाआधी चर्चमध्ये वधूवरांची नावे जाहीर केली जातात आणि कोणास काही हरकत माहीत असल्यास फादरांना कळवावी असे सांगितले जाते. धर्मसंहितेत या हरकती मोजून दिलेल्या आहेत: कमी वय, आधीचे लग्न, जवळचे नाते आणि अशा आणखी काही. 'मूळचे कोण' ही हरकत त्या यादीत नाही. त्यामुळे आजवर कोणीही ती फादरांकडे नोंदवलेली नाही. ती घरातच, चहाच्या कपावर, नावे जाहीर होण्याच्या कितीतरी आधी घेतली जाते, आणि ज्या दोघांविषयी ती घेतली जाते त्यांची नावे वाचायची वेळच येत नाही.